ज्याचे पाऊल हळू, त्याच्या पावलाने सहल

नवापूर तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सुरुवातीला सप्रेम जयभीम, मग सरळ मुद्दा. त्या लिहितात, "मुलांनी टीव्हीवर बर्फ पाहिला. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारी माणसे पाहिली. तेव्हापासून दोघांनी घर डोक्यावर घेतले आहे. थोरला अकरावीत आहे, धाकटी पाच वर्षांची. सासऱ्यांना दमा, सासूबाईंचे गुडघे गेलेले. आमचे हे साखर कारखान्यात हंगामी कामाला, मी शिवणकाम करते. आम्हाला परवडेल आणि सगळ्यांना जमेल असे ठिकाण सुचवा. कुणालाही घरी ठेवून जायचे नाही."

पत्रातले शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचले. बर्फाचे काय ते पुढे बघू. पण "कुणालाही घरी ठेवून जायचे नाही" हे ज्या घराला सुचते, त्या घराची सहल अर्धी यशस्वी झालीच म्हणायची. आम्हाला हे वेळेवर सुचले नव्हते. ती गोष्ट आधी सांगतो. स्वतःची चूक सांगितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

दस्तुरी नाक्यावरचा एक दिवस

२०१० सालचा डिसेंबर. आमचे नवे लग्न झालेले. आम्ही उभयता, आई, धाकटे बंधू आणि दोन चुलतभाऊ असे सहाजण माथेरानला निघालो. नेरळहून निघणाऱ्या छोट्या आगगाडीची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून जीपने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. माथेरानात मोटारींना बंदी आहे, हे आम्हाला ठाऊक होते. त्या बंदीचा अर्थ आमच्या घरापुरता काय होतो, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. जायचे तर पायी, नाही तर घोड्यावर, नाही तर माणसाने ओढायच्या रिक्षात.

आई तेव्हा साठीची. उभा जन्म निंदणी-खुरपणीत गेलेला, गुडघे कधीच बोलू लागलेले. बंधूंचा डावा पाय लहानपणी पोलिओने अधू झालेला. कॅलिपर लावून ते चालतात, पण खडकाळ चढावर नाही. आम्ही आईला हातरिक्षात बसायला सांगितले. आईने रिक्षावाल्याकडे पाहिले. तो पन्नाशीचा, घामाने निथळलेला माणूस होता. आई म्हणाली, "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही. तुम्ही जा, मी इथेच झाडाखाली बसते. पिशव्या सांभाळते." घोड्याचे भाडे विचारले, तर दोघांच्या जाण्यायेण्यात दिवसभराचे पैसे संपले असते. मग बंधू म्हणाले, "आई एकटी कशी बसेल? मी थांबतो सोबतीला. तुम्ही जाऊन या दादा."

आम्ही गेलो. शार्लोट तलाव पाहिला, एको पॉइंटवर ओरडलो, चिक्की घेतली. दिवस मावळताना परत आलो तेव्हा दोघे त्याच झाडाखाली होते, सहा पिशव्यांच्या मधोमध. आई म्हणाली, "छान झालं ना तुमचं?"

पुढे कितीतरी वर्षांनी बंधू एकदा बोलून गेले, "दादा, त्या दिवशी मलाही चालवत नव्हतं. आईचं नाव पुढे केलं." आईला विचारले, तर ती म्हणाली, "त्याला चालवत नव्हतं हे मला दिसत होतं. म्हणून तर मी आधी बसले." दोघांनी एकमेकांची लाज झाकली, आणि आम्ही चिक्की खात डोंगर उतरलो.

हातरिक्षाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानची ही प्रथा माणुसकीला धरून नाही असे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून त्यांना ई-रिक्षा देण्याची योजना करावी, असेही सांगितले. आम्ही ती बातमी आईला वाचून दाखवली. ती एवढेच म्हणाली, "तो माणूस आता असेल का रे?"

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. सहलीचे ठिकाण निवडताना घरात जो सर्वांत कमी चालतो, त्याला आधी विचारायचे. जो सर्वांत जास्त चालतो, तो आपली वाट शोधून घेतोच.

बर्फाचा हिशेब

आता बर्फाकडे वळू. लेकरांना बर्फ पाहावासा वाटतो, यात गैर काहीच नाही. श्रीमंताच्या पोरांनीच डोंगर पाहावेत, असा काही दंडक नाही. पण आधी हिशेब मांडावा.

बर्फावर घसरण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. आपल्या देशात त्यासाठी काश्मीरमधले गुलमर्ग, उत्तराखंडातले औली आणि हिमाचलातली मनालीजवळची सोलंग ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी मनालीचे उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्यातून रेल्वेने दिल्ली आणि दिल्लीहून रात्रभराची बस, ५०० किलोमीटरहून जास्त. म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. घरात दोघे कमावते असतील, तर चार दिवसांचे आठ रोज बुडाले, आणि बर्फ अजून पाहायचाच आहे. तिकीट, खोली आणि जेवण सगळेच धरतात. बुडालेली रोजंदारी मात्र कुणी वहीत लिहीत नाही. कष्टकऱ्याच्या सहलीत तोच खर्च पुष्कळदा सर्वांत मोठा असतो.

दुसरी अडचण महिन्याची. आपली मोठी सुटी मे महिन्यात. सोलंगला भरवशाचा बर्फ असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात तिथे हिरवे गवत दिसते. बर्फ पाहायचा तर रोहतांगसारख्या उंच खिंडीकडे जावे लागते. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन-पंचमांश एवढाच असतो. निरोगी माणसालाही धाप लागते. थंड, कोरडी हवा दम्याला वाईट. तेव्हा भगिनी, सासऱ्यांना तिकडे न्यायचे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

तिसरी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. जाड कोट, बूट, हातमोजे हे सारे तिथे भाड्याने मिळते, पण सहा माणसांचे भाडे सहापट होते. खेळ शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे.

चौथी गोष्ट, निघण्यापूर्वी चौकशी करण्याची. औलीला जोशीमठहून जाणारा रज्जुमार्ग २०२३ च्या जानेवारीत जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला. ज्या घरातले माणूस चढू शकत नाही, त्या घराची सारी सहल अशा एका रज्जुमार्गावर अवलंबून असते. "तिथे सोय आहे" एवढे ऐकून निघू नये. ती आज सुरू आहे का, ते विचारावे.

थोरल्या मुलाला मात्र निराश करू नका. मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे. तिथे स्कीइंगचे प्रशिक्षण वर्ग चालतात. अंगाने तयार झाला, चार पैसे जमले, की पुढे तो तिथे जाऊन रीतसर शिकून येईल. एकट्याच्या पायाची हौस एकट्याने भागवावी. घराची सहल घरासाठी असावी.

बर्फाच्या गावाकडून शिकण्यासारखे

तरीही बर्फाच्या गावांची एक रीत आम्हाला फार आवडली. फ्रान्समध्ये डोंगरावरच्या घसरणीच्या वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी वाट नवशिक्यांची, निळी सोपी, लाल अवघड आणि काळी फक्त तरबेज माणसांची. एकाच घरातली आजी, लेकरू आणि तरणा मुलगा एकाच डोंगरावर येतात, पण आपापल्या रंगाच्या वाटेने जातात. दुपारी जेवायला ठरलेल्या जागी सगळे भेटतात. कुणी कुणासाठी अडून बसत नाही, आणि कुणी एकटे मागेही राहत नाही.

ही रीत पैशाने विकत घ्यावी लागत नाही. आपल्या डोंगरावरही ती चालते. ठिकाण निवडताना एवढेच पाहायचे, की तिथे हिरवी वाट आहे का? सर्वांत कमी चालणाऱ्याला दिवसभर आनंदाने घालवता येईल अशी सपाट जागा, गाडी थांबते तिथून शंभर पावलांत आहे का? नसेल, तर बाकी कितीही सुंदर असो, ते ठिकाण त्या घराचे नाही.

जवळची ठिकाणे

नंदुरबार जिल्ह्याच्या माणसापुढे जवळची दोन नावे येतात. एक सापुतारा, दुसरे आपले तोरणमाळ.

सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात. तलाव, नौका, बगिचा, रज्जुमार्ग हे सारे तिथे एकमेकांच्या जवळ आहे. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना ठिकाण सोयीचे. हॉटेले भरपूर. गुजरातेत दारूबंदी असल्याने कुटुंबाला वातावरणही बरे. अडचण दोन गोष्टींची. सुटीच्या दिवसांत गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. आणि आपल्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. हद्द ओलांडली की पूर्ण भाडे.

तोरणमाळ आपल्याच जिल्ह्यात, धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर. उंची सुमारे १,१५० मीटर. शहाद्याहून अंतर सुमारे ५० ते ५५ किलोमीटर. शहाद्याच्या मैदानापेक्षा ते साधारण हजार मीटर उंच आहे. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हा नियम लक्षात घेतला, की खाली उन्हाने जीव नकोसा होतो तेव्हा वर झाडाखाली डोळा का लागतो ते कळते. बर्फ तिथे पडत नाही. पण हिवाळ्याच्या पहाटे तोंडातून वाफ निघते, आणि आमच्या पुतणीला तेवढ्यानेही फार मोठी गंमत वाटली.

वरच्या घाटात लागोपाठ वळणे आहेत. लोक त्याला सातपायरीचा घाट म्हणतात. ज्याला गाडी लागते त्याने भरल्या पोटी बसू नये, पुढच्या बाजूची जागा घ्यावी, आणि गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. पावसाळ्यात घाट फार देखणा होतो, पण धुके दाटते आणि दरडीचे भय असते. लेकरे-म्हातारी घेऊन जायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महाशिवरात्रीला तिथे गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातेतून लोक येतात. त्या दिवसांत रस्ता, पाणी, खोली सगळ्याचीच ओढाताण. ज्यांना शांतपणे राहायचे आहे त्यांनी ते दिवस टाळावेत.

तोरणमाळच्या वाटांचे रंग

आम्ही तोरणमाळच्या वाटांना घरच्या घरी रंग दिले. तुम्हीही द्या.

हिरवी वाट म्हणजे यशवंत तलावाचा काठ. गाडी जवळ जाते, जागा मोकळी आहे. चटई अंथरली की आजीबाईंचा दिवस मजेत जातो. लेकरांना काठावर खेळता येते, पण एक मोठे माणूस त्यांच्यावर नजर ठेवायला हवेच. पाणी दिसायला शांत असले तरी तलाव तो तलाव.

निळी वाट म्हणजे सीताखाई. खोल दरी, पावसाळ्यानंतर काही काळ कोसळणारे पाणी. गाडीतून उतरून थोडे चालले की दरी दिसते. काठीचा आधार घेऊन हळूहळू जाणाऱ्याला जमते. मात्र दरीच्या तोंडाशी फोटोच्या नादात जाऊ नये, आणि लेकराचा हात सोडू नये. कमळ तलावाची चक्करही याच रंगात धरा.

लाल वाट मच्छिंद्रनाथाच्या गुहेकडची. चढ-उतार आहे, पाय बळकट हवेत. दमेकऱ्याने आणि गुडघेदुखीवाल्याने तिकडे जाण्याची हौस करू नये.

काळी वाट खडकी पॉइंटची. रानातून पायी जायचे. अकरावीतल्या मुलाला हीच वाट द्या. सोबत वाट माहीत असलेला गावचा माणूस घ्या आणि त्याला त्याची मजुरी नीट द्या. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला परत, असे बजावून सांगा. डोंगरात फोन लागेलच असे धरून चालू नका. भेटायची जागा आणि वेळ घरूनच ठरवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. तोरणमाळ हे पावरा, भिल्ल आणि इतर आदिवासी बांधवांचे गाव आहे. ते तिथे आपली करमणूक करायला बसलेले नाहीत. विचारल्याशिवाय कुणाच्या बाईमाणसाचा, लेकराचा फोटो काढू नये. एखादी म्हातारी सीताफळे किंवा आमचूर घेऊन बसली असेल, तर दोन रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करू नये. आपल्या घामाचा भाव दुसऱ्याने पाडला की कसे वाटते, हे आपल्याला सांगायला नको.

एसटीचा हिशेब

आता पैशाचे बघू. आमच्या घरची माणसे आठ. आईला शहात्तर वर्षे झाली. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या माणसांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, पाच वर्षांखालील लेकरांना मोफत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांना साध्या गाडीत पंच्याहत्तर टक्के सूट.

समजा पूर्ण तिकीट १०० रुपये आहे. आई, शून्य. आम्ही, १००. आमच्या आयुष्मती, ५०. पंधरा वर्षांची कन्या, ५०. नऊ वर्षांचे चिरंजीव, ५०. बंधू, २५. वहिनी म्हणजे बंधूंच्या आयुष्मती, ५०. त्यांची चार वर्षांची मुलगी, शून्य. बेरीज ३२५ रुपये. फक्त मुलांचीच सवलत असती, तर याच आठ माणसांना ६५० लागले असते. म्हणजे बरोबर निम्मे वाचले.

पण सवलत कागद दाखवल्यावर मिळते. आधार कार्ड, दिव्यांगाचे ओळखपत्र हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकाच माणसाजवळ ठेवावे. मागच्या खेपेला आम्ही बंधूंचे कार्ड घरी विसरलो आणि पूर्ण तिकीट काढले. चूक आमची, कंडक्टरशी भांडून काय मिळणार? रेल्वेने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून रेल्वे स्वस्त पडेल, असा जुना हिशेब आता धरू नये.

शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. आगारात जाऊन जाण्याची आणि परतीची, दोन्ही वेळा लिहून घ्याव्यात. वर गेल्यावर फिरायला गाडी नसेल, तर कमी चालणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून दोन घरे मिळून एक जीप ठरवली, तर ते पुष्कळदा सोयीचे पडते. भाडे ठरवताना "वर दिवसभर फिरवणार का, मुक्काम करणार का" हे आधीच स्पष्ट बोलावे.

खोली घेताना पाच प्रश्न

तोरणमाळला मुक्कामाच्या सोयी थोड्याच आहेत. आयत्या वेळी जाऊन खोली मिळेलच असे नाही. फोन करून भाडे तर विचाराच, पण त्याआधी हे पाच प्रश्न विचारा. खोलीपर्यंत पायऱ्या किती? संडास खोलीला लागून आहे का? कमोड आहे का? गरम पाणी मिळते का? रात्री वीज गेली तर काय सोय?

कमोडचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. गुडघे गेलेली बाई त्याच लाजेपायी दोन दिवस पाणी पीत नाही, पोटभर जेवत नाही, आणि "मला भूक नाही" म्हणते. आपल्याला वाटते, आईचे वय झाले. वय झाले हे खरे, पण उपाशी राहण्याचे कारण वेगळे असते. कमोड नसेल तर घडीची कमोड-खुर्ची सोबत न्यावी. एकदा घेतली की घरीही कामाला येते.

सासऱ्यांसाठी दम्याचा पंप आणि औषधे दुप्पट न्या, आणि ती दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी हरवली तरी दुसरी राहते. स्वेटर, कानटोपी, एक जाड चादर माणशी घ्या. मोठा दवाखाना म्हणजे शहाद्याला खाली उतरणे, हे ध्यानात ठेवून काय ते ठरवा.

घरच्या बाईची सुटी

आता एक नाजूक मुद्दा. घरातल्या कमी चालणाऱ्यांचा विचार करताना आम्ही एक माणूस कायम विसरत आलो. ती म्हणजे घरची बाई. तिचे पाय चालतात, म्हणून तिला सगळे जमते असे धरले जाते. स्टोव्ह, परात, पिठाचा डबा घेऊन सहलीला गेलो, तर तिचे रोजचे काम हजार मीटर वर चढले, एवढाच फरक. तिने तलाव कधी पाहायचा?

आम्ही यंदा असे केले. पहिल्या दिवसाला घरून दशम्या, दादरची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी वर मिळेल ते साधे जेवण, आधी सांगून ठेवलेले. चहा आणि भांडी पुरुषांकडे. आमच्या हातचा चहा दुधाळ आणि गोडमिट्ट झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

आणि सहलीसाठी व्याजाने पैसे काढू नका. एक डबा ठेवा. वर्षभर महिन्याला ३०० रुपये टाकले, तर ३,६०० होतात, ५०० टाकले तर ६,०००. जेवढे जमतील तेवढीच सहल. एक मुक्काम परवडत नसेल, तर पहाटे निघून रात्री परत या. डबा वर्षभर भरत असतो तेव्हा सहलीचे बोलणेही वर्षभर चालते, आणि त्या बोलण्यातच निम्मी मजा असते.

तलावाच्या काठी

यंदा दिवाळीनंतर आम्ही आठही जण तोरणमाळला गेलो. कन्या आणि चिरंजीव आमच्याबरोबर आणि वाट दाखवणाऱ्या एका गावकऱ्याबरोबर सकाळीच खडकीच्या वाटेला लागले. वहिनी आणि आयुष्मती कमळ तलावाकडे निघून गेल्या. आई यशवंत तलावाच्या काठी चटईवर, मांडीवर नात. बंधू काठाकाठाने हळूहळू फिरून आले, मध्ये दोनदा बसले, पुन्हा उठले. कुणी त्यांना "थांबा" म्हटले नाही, कुणी "लवकर चला" म्हटले नाही.

एक वाजता सगळे चटईवर जमलो. कन्येचे तोंड उन्हाने लाल झालेले, बोलणे थांबेना. आईने सगळे ऐकून घेतले. मग तिने स्वतः काय काय पाहिले ते सांगू लागली. एक पाणकोंबडी, दोन पोरे मासे धरताना, एक बाई डोक्यावर मोळी घेऊन या काठाने गेली आणि रिकामी परत आली. तिच्याकडेही सांगायला दिवसभराचे काहीतरी होते, हेच आम्हाला फार वाटले.

जेवता जेवता तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "या खेपेला पिशव्या कोण सांभाळतंय?"

"पिशव्या खोलीत आहेत, आई. कुलूप लावलंय," बंधू म्हणाले.

आई हसली, तसे बंधूही हसले. त्यांना दस्तुरीचे झाड आठवले असणार. आम्हालाही आठवले. पण आम्ही काही बोललो नाही.

तेव्हा नवापूरच्या भगिनी, लेकरांना सांगा, बर्फ कुठे पळून जात नाही. आधी आपला सातपुडा पाहू. रविवारी सगळ्यांना एकत्र बसवा. सासूबाईंना पहिल्यांदा विचारा, सासऱ्यांना मग, थोरल्याला सर्वांत शेवटी. एका कागदावर चार रंगांच्या वाटा काढा आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या वाटेवर लिहा. ज्या ठिकाणच्या कागदावर कुणाचेही नाव बाहेर राहत नाही, ते ठिकाण तुमचे.

जाऊन आल्यावर आम्हाला पत्र जरूर टाका. सासूबाईंनी दिवसभरात काय काय पाहिले, ते त्यांच्याच शब्दांत लिहा.